धुरपताची अर्धी फेरी

१

सकाळी दूधवाला गल्लीतून बोंबलत गेला, की स्वीटी सिडाम जिन्यानं खाली यायची, घरमालकीण आनंदाबाईंचा टुल्लू पंप न विचारता बंद करायची आणि परत वर पळायची. आनंदाबाईंनी सुरुवातीला भांडून पाहिलं. मग त्या मुकाट्यानं आधीच बादल्या भरून ठेवू लागल्या. वर्ध्याला चिकटलेल्या अख्ख्या बोरगाव मेघेत स्वीटीनं मिळवलेला हा एवढा एकच विजय होता आणि तो ती रोज साजरा करायची.

पंपाच्या मोटरीनं रेडिओत खरखर होते, हे कारण. गच्चीवर तिची एक खोली, वर पत्रा. खोलीबाहेर बांबूला बांधलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या, पोळ्याच्या बैलाच्या शिंगांसारख्या फाकलेल्या. गल्लीतली पोरं त्यांना शिंगंच म्हणायची. शिंगांतून निघालेली वायर खिडकीतून आत, पेन ड्राइव्हएवढ्या एका डोंगलमध्ये, हाच तिचा रेडिओ, आणि डोंगल लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, प्लग काढला की तो जागच्या जागी गप. एवढ्या सामानावर स्वीटी डोक्यावरून जाणारे उपग्रह ऐकायची, त्यांचे आवाज टिपायची आणि जपून ठेवायची.

इंजिनिअरिंग तिनं दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. ज्या सरांनी जन्मात सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नव्हतं, ते 'अँटेना' हा धडा फळ्यावर उतरवून देत होते. तिनं म्हटलं, सर, एकदा बाहेर नेऊन दाखवा ना. सर म्हणाले, ते परीक्षेत येत नाही. त्या दिवशी ती वर्गाबाहेर गेली ती गेलीच.

जोडीला माधवी. शेजारच्या गल्लीतली, सावंगीच्या दवाखान्यात लॅबमध्ये कामाला. ड्यूटीवर जाण्याआधी ती स्कूटी फाटकाशी लावून वर यायची आणि दोघी एकच हेडफोन वाटून घ्यायच्या, एक बाजू हिच्या कानाला, एक तिच्या.

सगळ्यांत लाडक्या होत्या तीन म्हाताऱ्या. अमेरिकेचे हवामानाचे जुने उपग्रह. कागदोपत्री त्यांना नुसते आकडे. आकड्यांवर कोणाला माया करता येत नाही, म्हणून पोरींनी बारसं केलं. एकीचं नाव कोकिळा, कारण तिचा स्वर स्वच्छ. दुसरीचं आनंदाबाई, कारण ती सगळ्यांच्या गच्च्यांवर डोळा ठेवून फिरायची. खालच्या आनंदाबाईंना हे अर्थातच सांगितलेलं नव्हतं. आणि तिसरी, स्वीटीच्याही जन्माआधी वर गेलेली, डुगडुगत चालणारी, ती धुरपता.

धुरपता यायची तेव्हा खरखरीच्या आतून आधी एक बारीक शिट्टी निघायची. मग शिट्टीच्या आत ठोके. टिक-टॉक, टिक-टॉक, एका चालीत, कोणी लाकडी पाटावर नखं वाजवावीत तसे. त्या ठोक्यांतून पडद्यावर रेघ-रेघ करत चित्र उतरायचं: हिमालयाची पांढरी कड, ढगांचे पुंजके, काळा समुद्र, श्रीलंकेचा थेंब. कानात वाजतंय त्याच घडीला वरून दिसतंय ते. कितीही वेळा पाहिलं तरी पोरी तितक्याच ओरडायच्या.

"थे पाय, आपला ढग!" माधवी म्हणायची. वर्धा त्या चित्रात टाचणीच्या टोकाएवढंही नसायचं, तरी त्या नेमकं बोट ठेवायच्या आणि खिदळायच्या.

असे आवाज जपणारा एक संग्रह होता. जगभरची हौशी माणसं मिळून तो चालवायची. अट एकच: फेरी पूर्ण हवी. क्षितिजावर उगवली तिथून क्षितिजाखाली बुडेपर्यंत. अर्धी चालत नाही. त्या संग्रहात स्वीटीच्या नावापुढं 'वर्धा, भारत' असं लिहिलेलं होतं. कुठल्याही मोठ्या माणसानं तिच्याबद्दल लिहिलेले हे पहिले दोन चांगले शब्द.

२

मग अमेरिकेनं तिन्ही म्हाताऱ्या बंद करायचं ठरवलं. कोकिळेची शेवटची फेरी मिळाली. आनंदाबाईचीही. दोन्ही संग्रहात जाऊन बसल्या. राहिली धुरपता. तिला बंद करायच्या दिवशी सकाळची फेरी थेट डोक्यावरून होती. याहून चांगला निरोप कोणाला मिळतो?

त्याच सकाळी समुद्रपूरहून बाप आला.

पुनाजी सिडाम जन्मभर एसटीत कंडक्टर होता आणि आता रिटायर झाला होता. रिटायर माणसाला दोनच उद्योग असतात, बीपीची गोळी आणि पोरांचं आयुष्य. पुनाजी गोळी विसरायचा. कॉलेजातल्या एका सरांशी बोलून ठेवलंय, पोरीला पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसवतात, असं म्हणत तो पिशवी घेऊन वर आला, तेव्हा धुरपता उगवली होती. दोघींनी तोंडावर बोट ठेवून त्याला खुर्ची दाखवली. तो बसला. ठोके चढत गेले. धुरपता वर आली, आणखी वर आली, बरोब्बर डोक्यावर आली.

आणि पडदा काळा झाला.

"काय केलं तुमी!"

"मोबाईल लावला चार्जिंगले," पुनाजी म्हणाला. त्याच्या हातात लॅपटॉपचा प्लग होता. "काऊन?"

"डोक्यावर होती थे, बाबा! थेट डोक्यावर! येणं भेटलं, जाणं गेलं माह्यं!"

"मंग? उद्या येईन ना. एक गाडी चुकली तं दुसरी येते."

"नाई येत! आज बंद करून राह्यले तिले. मेली थे!"

लॅपटॉप कण्हत-कुंथत पुन्हा उठेपर्यंत आकाशात नुसती खरखर उरली होती. पुनाजी थोडा ओशाळला. ओशाळलेल्या बापाला माफी मागता येत नाही, तो शिष्टाचार काढतो. गच्चीवर जाऊन त्यानं आभाळाकडं तोंड करून हात जोडले आणि म्हणाला, "येजो वं माय."

येजो, म्हणजे पुन्हा ये, हा त्याचा जन्माचा शब्द. एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येक म्हातारीला येजो, सिलेंडरवाल्याला येजो, दारात आलेल्या प्रचारवाल्यालाही येजो.

माधवीला आधी हसू आलं. मग ती म्हणाली, "काका! मयताच्या जागी येजो म्हणते का कोणी?"

हे गल्लीतल्या लहान पोराला ठाऊक असतं. मयताच्या घरून निघताना पाहुणा 'येतो' म्हणत नाही आणि घरचे 'येजो' म्हणत नाहीत. सगळे मुकाट्यानं चपला शोधतात. स्वीटी लहान असताना आजी गेली, तेव्हा दारात उभी राहून ती प्रत्येकाला आनंदानं येजो-येजो करत होती, म्हणून याच बापानं तिच्या थोबाडीत दिली होती. नियम पोरांना शिकवायचे असतात. पाळायचे कोणी, ते ठरलेलं नसतं.

"अर्धी करून ठेवली माही फेरी," स्वीटी म्हणाली.

"तुहं सारंच अर्धं," पुनाजी भडकला. "कॉलेज अर्धं, हे अर्धं. अर्धवट पोट्टी! एक काम पुरं केलं कधी? असं कर. पोळ्यापर्यंत हेच पुरं करून दाखव. केलं तं मी हूं का चूं नाई करत, चुपचाप समुद्रपूरले जातो. नाई तं माह्यासंगं कॉलेजात चालायचं."

"मेलेलीची फेरी पुरी करू?"

"थे तुहं तू पाय."

बापांचा न्याय असाच असतो. प्लग ते काढतात आणि अंधाराचा जाब पोरांना विचारतात. वर, न्यायावर देखरेख ठेवायला म्हणून पुनाजीनं शर्ट खिळ्याला अडकवला आणि तिथंच मुक्काम ठोकला.

३

धुरपताचं नाव वेळापत्रकातून काढायचा स्वीटीला धीर होईना. म्हणून दुसऱ्या सकाळी लॅपटॉपनं आपणहून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फाइल बनवली. आत खरखर असणार हे धरून तिनं ती पुसायला घेतली, सवयीनं आधी वाजवली.

बारीक शिट्टी. मग टिक-टॉक, टिक-टॉक.

ती इतक्या जोरात ओरडली, की खाली आनंदाबाईंच्या हातून बादली सुटली. माधवी ड्यूटी सोडून तर्री-पोहे घेऊन आली. दोघी पत्र्याखाली नाचल्या, पोहे सांडले, पुनाजीच्या गालावर कोणाचा तरी तर्रीचा हात लागला. तो म्हणाला, "आली ना? म्या म्हटलं होतं."

"तुमी काई नाई म्हटलं," स्वीटी म्हणाली. पण तीही हसत होती.

भुताबिताचं कारण नव्हतं. मेलेले उपग्रह कधीकधी बोलतात, हे तिला माहीत होतं. आतली बॅटरी कामातून जाते, पण सोलर पंखांवर ऊन पडलं की यंत्राला जाग येते आणि ते आपलं जुनंच गाणं लावतं.

"म्हातारी ऊन खायले बसली," स्वीटीनं निकाल दिला.

"ऊन म्हटलं तं ऊन," माधवी म्हणाली. "आमच्या घरी भुताले जागाच नाई. बाबासाहेबांचा फोटो, फ्रीज अन् भाऊ, घर भरलं."

स्वीटीनं संग्रहातल्या लोकांना विचारलं, आणखी कोणाला धुरपता ऐकू येतेय का? उत्तरं आली. कोणालाच नाही. तिच्या वाटेवरच्या सगळ्या देशांत सगळ्या शिंगांना फक्त खरखर. एकानं प्रेमानं लिहिलं होतं, की दुःखात असं होतं, आपणच जुनी फाइल वाजवत बसतो.

"जळून राह्यला," माधवी म्हणाली.

पण स्वीटीच्या डोक्यात भलतंच एक अडकलं. जिवंत होती तेव्हा धुरपता कधीच लागोपाठ एकाच वेळी आली नाही. रोज थोडी अलीकडं, थोडी पलीकडं. उपग्रहांचं तसंच असतं. आता ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, रोज एकाच वेळी आली. बापानं प्लग काढला होता त्या वेळी.

४

न थांबणारी एक्स्प्रेस वर्धा स्टेशनातून जाताना डोळे मिटून उभं राहावं. येताना भोंगा चिरका असतो. समोरून गेली, की तोच भोंगा जाड होत-होत खाली बसतो. उपग्रहाचंही तेच. येताना त्याचा सूर ठरलेल्या जागेपेक्षा चढा, जाताना उतरलेला. लॅपटॉपच्या पडद्यावर त्याची रेघ उमटते: वर एका बाजूला, डोक्यावर आला की मधल्या खुणेवरून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूला. पोथीतल्या अवग्रहासारखी, ऽ अशी. अशी वळलेली रेघ म्हणजे पूर्ण फेरी.

स्वीटीला फक्त तो वळसा हवा होता. धुरपता एकदा जाताना ऐकू आली, की जुन्या अर्ध्याला हे अर्धं जोडायचं आणि कॉलेज, सर, बाप सगळ्यांना येजो न म्हणता कायमचा निरोप द्यायचा.

पण रेघ वळेना. धुरपता उगवायची, तिचा सूर चढाच असायचा, आणि चढाच राहायचा. उपग्रहाची फेरी म्हणजे चहा उतू जाईपर्यंतचा वेळ. ही जेवणवेळ झाली तरी येतच असायची. मग मध्येच गप. कोणी जिन्यात पाऊल टाकता-टाकता थांबावं तशी. दुसऱ्या दिवशी जिथं थांबली होती तिथून पुढं.

"येतेच हाय," माधवी हेडफोन काढत म्हणाली. "जात नाई बापा ही."

"मले आयकू दे," पुनाजी म्हणाला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पोरीच्या वस्तूला विचारून हात लावला. हेडफोन लावून तो मांडीवर बोटं वाजवत बसला, टिक-टॉक, टिक-टॉक, आणि त्याचं तोंड सैल पडलं. "मस्त चालते म्हातारी. इंजिन एकदम सेट." त्या दिवसापासून पंप बंद करायला तो स्वतः खाली जाऊ लागला. आनंदाबाई त्याच्याशीही भांडल्या. बाप-लेकीनं गच्चीवर बसून त्यांची नक्कल केली आणि पोट धरून हसले. असं हसण्याला किती वर्षं झाली होती हे दोघांनीही मोजलं नाही.

चित्रही यायचं. आता त्यात हिमालय नसायचा. या म्हाताऱ्यांच्या नजरेत एका ठिपक्यात चार-चार किलोमीटर मावायचे. पण आताच्या चित्रात धाम नदी रेघेसारखी दिसली. दुसऱ्या दिवशी रेल्वेचे फाटे दिसले, एक नागपूरकडं, एक बल्लारशाकडं. माधवी टाळ्या पिटत होती. स्वीटीही पिटत होती. दोन टाळ्यांच्या मध्ये तिनं स्वतःला सांगितलं, की सॉफ्टवेअर जुन्या नकाशावर चित्र ताणून बसवत असेल.

सॉफ्टवेअरमध्ये नकाशा नव्हता. तो तिनंच काढून टाकला होता.

५

"कोणीतरी गंमत करून राह्यलं," स्वीटी म्हणाली. "जवळच कोणाकडं ट्रान्समीटर हाय. म्हणून एवढी साफ येते."

हा विचार इतका चांगला होता, की दोघींनी लगेच चोर पकडायचं ठरवलं. लॅपटॉप जोडला इन्व्हर्टरच्या बॅटरीला, बॅटरी ठेवली स्कूटीच्या पायाशी, माधवीनं चालवली आणि स्वीटी मागं शिंगं उभी धरून बसली. बोरगावच्या गल्ल्यांतून ही वरात निघाली. मागं पोरं, पोरांमागं कुत्रे. चौकात कोणी तरी विचारलं, "लगन कोणाचं हाय वं?" दोघी हसून-हसून पडायच्या बाकी होत्या. आवाज मात्र कुठंच वाढला नाही, कुठंच कमी झाला नाही. शिंगं डावीकडं वळवा, उजवीकडं वळवा, तसाच. फक्त सरळ वर धरली, की ठोका कानात दुखायचा.

खोलीत परत येऊन स्वीटीनं शेवटची परीक्षा घेतली. शिंगांची वायर काढून टाकली. आता डोंगलला कान नव्हते.

टिक-टॉक, टिक-टॉक.

"वायर नसताना आयकू येते म्हणजे..." माधवी म्हणाली आणि थांबली. लॅबमधली पोरगी, वाक्य पूर्ण करायची तिला सवय होती. या वेळी तिनं ते तसंच सोडलं.

"म्हणजे लय जवळ हाय," स्वीटीनं पूर्ण केलं. तिच्या आवाजात भीती होती. पण खोटं कशाला सांगा, भीतीच्या बुडाशी एक उकळी होती. कोणी तरी इतक्या लांबून, इतक्या मनापासून, फक्त तिच्याकडं येत होतं.

खोलीत हळूहळू सगळंच त्या चालीत वागू लागलं. माठाचा थेंब. पत्र्यावरच्या साळुंकीची चोच. पुनाजी चहा ढवळायचा तेही त्याच ठेक्यात आणि त्याला ते कळायचं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी चित्रात गच्च्या दिसल्या. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, आनंदाबाईंचे पापड. मधोमध एक पत्रा आणि पत्र्याबाहेर फाकलेली दोन शिंगं. शिंगांशेजारी दोन माणसं उभी होती, तोंडं वर केलेली. एकाच्या हातात पांढरं, गोल काही तरी.

"हे आपण," स्वीटी हसली. "हे तू, हे मी."

"स्वीटे," माधवी हळू म्हणाली, "आपण दोघी इथं आत बसलो आहो. काका खाली गेले पंपाले. वर कोणीच नाई."

दोघींनी दारातून पाहिलं. गच्ची रिकामी होती. उन्हात पापड वाळत होते.

माधवीनं बॅग उचलली. "मी उद्या वर नाई येत. फाटकापाशी थांबतो, तू खाली येजो. कॉलेज तं कॉलेज, स्वीटे. तीन वर्सं काढून टाक, मरत नाई कोणी. पण हे बंद कर."

"एक वळसा, माधे. एवढा एक वळसा भेटला की बंद."

६

पोळ्याच्या सकाळी गल्लीतून धुतलेले बैल चालले होते. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. पोरं मागं धावत होती. खाली आनंदाबाईंच्या घरी पुरणाची डाळ शिजत होती आणि वास वरपर्यंत आला होता. इतकी चांगली सकाळ वर्ध्यात रोज नसते.

धुरपता वेळेवर आली. हेडफोनची गरज उरली नव्हती. ठोका पत्र्यातून येत होता, खाटेच्या पायातून येत होता. रेघ पडद्यावर मधल्या खुणेला टेकली आणि तिथंच उभी राहिली. ना इकडं, ना तिकडं.

स्वीटी गच्चीवर आली. वर निळं आभाळ, एक ढगही नाही. काहीच दिसत नव्हतं. फक्त तिच्या केसांची मुळं वरच्या बाजूला ओढल्यासारखी होत होती.

"थांबली," ती म्हणाली. रडू येत होतं आणि रागही. "डोक्यावर येऊन थांबली. जात नाई, बाबा. आज पोळा हाय. हरलो मी."

पुनाजी दारात उभा होता. पोरीला हरताना त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं आणि दर वेळी त्याला आतून बरं वाटलं होतं. बापांना वाटतं, कबूल कोणी करत नाही. आज बरं वाटलं नाही. आज त्याला दिसलं, की पोरगी फक्त एका वळशासाठी उभी आहे आणि त्या वळशावर पाय देऊन तो स्वतः उभा आहे.

"थांबन नाई तं काय करन?" तो म्हणाला. "म्या येजो म्हटलं, थे आली. आता जाय म्हणून कोणी सांगतलं तिले? पोरी, गाडी स्टॉपवर उभी हाय. पाशिंजर चढले, उतरले. डायवर मागं पायत नसते. त्याले फक्त घंटी समजते. एक वाजली तं थांब, दोन वाजल्या तं चाल. आमी डबल बेल म्हणतो."

"मंग द्या ना!"

त्यानं आत जाऊन स्टीलचं ताट आणि डाव आणला. शिंगांशेजारी येऊन ताट उंच धरलं. ऊन पडून ते पांढरं चमकलं. स्वीटीनंही तोंड वर केलं. एक क्षण तिला काही तरी आठवायला हवं होतं, पण आनंदात माणसाला आठवत नाही.

टण् टण्.

ठोका चुकला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जाड, जरा खालच्या सुरात. स्वीटी धावत खिडकीशी गेली. पडद्यावरची रेघ मधल्या खुणेवरून हलली, वाकली, आणि इतके दिवस कोरी राहिलेल्या बाजूला सुंदर वळसा घेऊन उतरू लागली. ऽ.

"पुरी!" ती किंचाळली. "बाबा, पुरी झाली! पाहा, गेली! जाऊन राह्यली!"

पुनाजीनं ताट डोक्यावर धरून दोन गिरक्या मारल्या. बीपीचा माणूस, पण मारल्या. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जो शब्द काढायला त्याला तिचं सगळं आयुष्य लागलं होतं, तो काढला. "मानलं."

ती हसत होती, डोळे पुसत होती. म्हणून घुंगरांचा आवाज बदललेला तिला जरा उशिरा कळला.

खालच्या बैलांच्या घुंगरमाळा आता किणकिणत नव्हत्या. त्या घणघणत होत्या, देवळातल्या मोठ्या घंटेसारख्या, आणि आणखी जाड होत चालल्या होत्या. आनंदाबाईंच्या कुकरची शिट्टी झाली; चिरकी सुरू झाली आणि बैल हंबरावा तशी खोल जाऊन बसली. स्वीटीनं कठड्यावरून वाकून पाहिलं. गल्ली जागेवर होती. बैल, पोरं, सगळं जिथल्या तिथं. फाटकाशी माधवी हेल्मेट काखेत धरून उभी होती आणि वर बघून हाक मारत होती.

"स्वीटेऽऽ!"

आवाज माधवीचा होता. मग माधवीच्या मोठ्या बहिणीचा असावा असा झाला. मग बाईमाणसाचा राहिला नाही. माधवी एक पाऊलही हलली नव्हती. स्कूटी स्टँडवर होती.

रेघ फक्त एवढंच सांगते, की अंतर वाढतंय. हललं कोण, हे ती सांगत नाही. स्वीटीला हे पक्कं ठाऊक होतं. ज्या धड्यावर तिनं वर्ग सोडला त्याच्या पुढच्याच पानावर ते होतं.

तिनं वळून बापाकडं पाहिलं. पुनाजी पाय फाकवून, गुडघे जरा सैल सोडून उभा होता, चालत्या गाडीत फक्त कंडक्टरला जमतं तसा. डावा हात वर होता आणि मूठ हवेतच कशाला तरी घट्ट धरून होती. अंग हलकेच इकडून तिकडं डुलत होतं. चेहऱ्यावर इतकं सुख तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"डबल बेल देल्ली की आपण खाली थोडीच राह्यतो," तो म्हणाला. "खिडकीपाशी बस, पोरी. वारा मस्त लागते."

गल्लीतलं पानही हलत नव्हतं. पण तिचे केस मागं उडाले होते, ओढणी फडफडत होती, आणि वारा खरोखरच मस्त लागत होता.